एकशे अडतीस

"हात ठेवा ना, आई... एकच मिनिट लागेल."

मिसुझुने बीपीचं मशीन टेबलावर, सासूच्या भाताच्या वाडग्याशेजारी अलगद ठेवलं, आणि मासुयोने तो वाडगा उचलून वीतभर लांब नेला, जणू मशीनमधून पाल निघून भातात पडणार होती. शहाऐंशी वर्षांच्या त्या बोटांनी काड्यांच्या टोकाने शेवटचा दाणा टिपला, खारवलेल्या आलुबुखाराची बी बशीच्या कडेला नीट उभी करून ठेवली, आणि मग कुठे उत्तर आलं.

"मैदानावरच्या तंबूत मोज. अख्ख्या गावासमोर मोजायची तुला सवय आहे, नर्सबाई."

काझुनारीने, म्हणजे या दोघींपैकी एकीच्या मुलाने आणि दुसरीच्या नवऱ्याने, वर्तमानपत्र आणखी जरा वर धरलं. गेली नऊ वर्षं तो असाच, घरात काही कडकडलं की बातम्यांच्या मागे जाऊन बसायचा. मिसुझुने मशीनची पट्टी गुंडाळली.

"बरं. तंबूत मोजू," ती म्हणाली. "पण निघण्याआधी एक पेला बार्लीचा चहा तरी..."

"पळायच्या आधी पाणी प्यायलं की दम तुटतो. आम्हाला शाळेत मास्तरांनी शिकवलंय. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता."

मासुयो उठली. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला नाही, ती कधीच घ्यायची नाही. दाराशी बसून तिने केशरी रंगाचे धावायचे बूट चढवले आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारली. बाहेर हिसायोच्या गाडीचा भोंगा वाजला. हिसायो चौऱ्याऐंशी वर्षांची, आयुष्यभर बंदरावर मासळी विकलेली बाई, आणि तिचा आवाज भोंग्याहून मोठा होता: "मासुयो-सान, चल लवकर, नाहीतर आपण पोचेपर्यंत आणखी एक वर्षाने म्हाताऱ्या होऊ!"

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मिसुझु कितीतरी वेळ दारात उभी राहिली... थकलेल्या, व्याकूळ मनाने, आणि तरीही, खरं सांगायचं तर, थक्क होऊन. ही बाई! हिच्यासमोर रोज तिचा जीव जळायचा, आणि हिलाच पाहून रोज तिचे डोळे दिपायचे.

कारण मासुयोने धावायला सुरुवात केली ती सत्त्याहत्तराव्या वर्षी, नवरा गेल्यानंतर चाळीस दिवसांनी.

तेइजी गेले गेटबॉलच्या मैदानावर. लाकडी हातोड्याने चेंडू छोट्या छोट्या कमानींतून मारायचा तो खेळ इनोसे गावातले म्हातारे असे खेळायचे की जणू हरणाऱ्याला गाव सोडावं लागणार होतं. ऐंशी वर्षांचे तेइजी संघाचे कप्तान. ऑगस्टमधला अंतिम सामना होता, डोक्यावर आग ओकणारं ऊन होतं, आणि तिसऱ्या कमानीपाशी ते नेम धरायला गुडघ्यावर बसले ते उठलेच नाहीत. बघणाऱ्यांना वाटलं, कप्तान नेम धरतायत. सगळे श्वास रोखून वाट बघत राहिले... कितीतरी वेळ.

त्या दिवशी स्पर्धेच्या तंबूत नगरपालिकेची आरोग्यसेविका म्हणून बसली होती मिसुझु, त्यांचीच सून.

तेव्हा पद्धत अशी होती की प्रत्येक खेळाडूने सकाळी घरीच बीपी मोजायचं, कार्डावर आकडा लिहायचा, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि कार्ड तंबूत आणून द्यायचं. एकशे ऐंशीच्या वर असेल तर खेळायचं नाही. तेइजींच्या कार्डावर लिहिलेलं होतं एकशे अडतीस. मिसुझुने कार्ड पाहिलं, "छान आहे, बाबा," म्हणाली, आणि पुढचं कार्ड घेतलं. रांग मोठी होती. तेइजींचा चेहरा लाल दिसत होता का, हातोडा धरलेला हात थरथरत होता का... तिने वर पाहिलंच नव्हतं.

मग गाव बोलू लागलं. सून नर्स, आणि सासऱ्याकडे लक्ष नाही. सगळ्या गावाचं बीपी मोजते, घरातलं मोजायला वेळ नाही. आणि सातव्या दिवसाच्या विधीला, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, मासुयो म्हणाली होती, "हिने थांबवलं असतं तर ते आज इथे बसले असते." वृद्ध मंडळाच्या सभागृहात अध्यक्ष सेंजो-सान आणि चाळीस म्हाताऱ्यांसमोर मिसुझुने कमरेत वाकून माफी मागितली. ती इतका वेळ वाकून राहिली की शेवटी सेंजो-सानच ओशाळले आणि म्हणाले, "पुरे आता, बाई."

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही.

तेइजी गेले त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बीपीचं मशीन टेबलावर तसंच पडलं होतं. घरातलं ते मशीन मागचे आकडे जपून ठेवायचं. तिने बटण दाबलं. त्या दिवशीचा, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांचा आकडा: एकशे चौऱ्याण्णव. पुन्हा दाबलं. आदल्या दिवशीचा आकडा: एकशे अडतीस. आणि कार्डावरचे अंक तर तिने शेकडो वेळा दूधवाल्याच्या चिठ्ठीवर, कॅलेंडरवर, लोणच्याच्या बरण्यांवर पाहिले होते. ते मासुयोचं अक्षर होतं. सासूने सकाळी खरा आकडा पाहिला होता, आणि कार्डावर आदल्या दिवशीचा लिहिला होता.

मिसुझु त्या अंधारलेल्या स्वयंपाकघरात मशीन छातीशी धरून उभी राहिली. तो आकडा नुसता दाखवला असता तरी तिच्यावर येऊ घातलेला सगळा दोष टळला असता. आतल्या खोलीतून म्हाताऱ्या बाईचा हुंदका ऐकू येत होता, कोरडा, घोगरा, पंचावन्न वर्षांच्या संसाराचा तळ खरवडून येणारा... आणि मिसुझुने बटण दाबून धरलं, एक, दोन, तीन, चार, पाच सेकंद. आकडे पुसले गेले, पडदा कोरा झाला.

चाळीस दिवस मासुयो जवळजवळ अंथरुणातच होती. एकेचाळिसाव्या दिवशी पहाटे ती बंदराच्या रस्त्याने चालायला गेली, मग भरभर चालायला, आणि मग एक दिवस कोळ्यांनी येऊन सांगितलं की तुमच्या घरची आजी धक्क्यावर पळते आहे आणि मांजरं घाबरून बाजूला होतायत. पंचाऐंशीच्या पुढच्या गटात आता तिच्यापेक्षा वेगाने शंभर मीटर धावणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. तिच्यामुळे गावात ऐंशीच्या पुढच्या बायकांचा चार जणींचा रिले संघ उभा राहिला होता, आणि आज त्या चौघी जिल्ह्याचा विक्रम मोडणार म्हणून दुकानांच्या दारांवर कागद लागले होते.

आणि मिसुझु? ती झाली होती 'लाल दिवा'. म्हातारे तिला तोंडावर असंच म्हणायचे. आता घरून आणलेला एकही आकडा ती घेत नसे. खुर्चीत पाच मिनिटं शांत बसायचं, तिच्यासमोर पेलाभर चहा आणि खारा आलुबुखार पोटात घालायचा, मग ती स्वतः मोजणार, बुटाचे तळ उलटे करून बघणार, आणि चेहऱ्याकडे बघत राहणार. लोक वैतागायचे. एका आजोबांनी चहा हळूच झुडपात ओतला तर ती दुसरा पेला घेऊन उभी. "झुडपाची तब्येत उत्तम आहे," ती म्हणायची, "आता तुमची बघू."

सप्टेंबर संपत आला होता, तरी टेकडीवरच्या मैदानात सकाळी दहालाच ऊन तापलं होतं. आणि काय दृश्य होतं ते! एक्क्याण्णव वर्षांचे आजोबा गोळा हनुवटीखाली धरून डोळे मिटून उभे होते, जणू बाळाला थोपटतायत, आणि डोळे उघडून त्यांनी तो असा भिरकावला की पंच दोन पावलं मागे सरकले. पाठीत वाकलेली एक आजी लांब उडीच्या वाळूत पडली, उठली, वाळू झटकली आणि विचारलं, "परवापेक्षा जास्त की कमी?" सगळ्यांच्या गुडघ्यांवर पट्ट्या, सगळ्यांच्या खिशात गोळ्यांच्या डब्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत शाळेच्या क्रीडादिनाचं पोर. दर वर्षी हे बघताना मिसुझुच्या अंगावर काटा यायचा. देह म्हणजे काय चीज आहे... इतका जीर्ण आणि इतका हट्टी! या माणसांना थांबवण्यासाठी ती इथे नव्हती. ही माणसं संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जावीत, एवढ्यासाठी ती इथे होती. पण हे कुणाला समजवायचं?

रिलेला चाळीस मिनिटं उरली असताना चौघी तंबूत आल्या. चौघी नव्हे, पाच. पाचवी कुमे, ऐंशी वर्षांची राखीव खेळाडू, जिला संघात आल्यापासून एकदाही धावायला मिळालं नव्हतं आणि जी त्यामुळे सगळ्यांचे डबे, टोप्या आणि थर्मास सांभाळायची. ती वाळवलेली माकूळ मासळी चघळत होती.

मासुयो खुर्चीत बसली. हात पुढे करताना तिने मान दुसरीकडे वळवली. मशीन गुरगुरलं, थांबलं.

"एकशे बहात्तर," तिने स्वतःच वाचून दाखवलं. "मर्यादा एकशे ऐंशीची. मार शिक्का."

मिसुझुने पट्टी काढली, पण मनगट सोडलं नाही. तिची दोन बोटं त्या पातळ, सुरकुतलेल्या कातडीखाली काहीतरी शोधत राहिली. ठोका... ठोका... मग काहीच नाही. मग दोन ठोके घाईघाईने, एकमेकांवर आपटत. मग पुन्हा एक पोकळी. जसं अंधाऱ्या जिन्यात कुणाची तरी पायरी चुकावी.

तिने दुसऱ्या हाताची नाडी पाहिली. मग सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठांच्या कडा राखट दिसत होत्या.

"आई, तुम्ही आज धावायचं नाही."

पहिली बोलली ती अर्थातच हिसायो. "अगं, आकडा तर बरोबर आहे! तुझाच नियम, तुझंच मशीन. आता मशीनलाही लाल दिवा दाखवतेस का?"

"आकडा बरोबर आहे, हिसायो-सान. ठोके बरोबर नाहीत."

"ठोके! या वयात कुणाचे ठोके सरळ चालतात? माझे तर रविवारी सुट्टी घेतात."

कुणीतरी हसलं. बाहेरचे लोक तंबूच्या दाराशी जमू लागले होते. त्यांत काठी टेकत सेंजो-सानही होते. मासुयो हसली नाही. ती हळूहळू उभी राहिली, आणि तिचा आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला.

"त्यांना थांबवलं नाहीस," ती म्हणाली. "आणि मला थांबवतेस."

नऊ वर्षांत हे वाक्य किती रूपांत आलं होतं! कधी ताटावर, कधी देव्हाऱ्यासमोर, कधी नुसत्या दार लावण्याच्या आवाजात. पण असं उघड्यावर, गावासमोर... एक शब्द. फक्त एक आकडा उच्चारायचा होता मिसुझुने, आणि समोरची प्रत्येक नजर फिरली असती. जिभेवर आलाही तो... आणि तिने तो परत गिळला, कारण तिच्या हातात अजून ते मनगट होतं, आणि ते मनगट आत्ता या क्षणी फार नाजूक धाग्यावर चाललं होतं.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "त्या दिवशी मी कागद पाहिला, माणूस पाहिला नाही. ती चूक माझीच. म्हणून आज कागदावर एकशे बहात्तर असलं तरी मी तुमचा हात सोडणार नाही."

मग तिने एक विचित्र गोष्ट केली. खेळाडूचं कार्ड आणि पेन सासूसमोर सरकवलं, आणि आपला शिक्का त्याच्यावर ठेवला.

"शेवटचा प्रश्न तुम्ही स्वतः भरायचा असतो. 'आज सकाळपासून चक्कर, छातीत धडधड किंवा अंधारी आली का?' तुम्ही 'नाही' असं लिहा, आणि माझा शिक्का तुमच्या हातांनी मारा. मी गप्प बसते."

"मार ना गं," हिसायो म्हणाली. "वेळ होतोय."

मासुयोने पेन उचललं. त्याचं टोक कागदाला टेकलं. बाहेर कर्ण्यावरून कुणाचं तरी नाव पुकारत होते, समुद्रावर बोटीचा भोंगा वाजत होता, आणि पेनाच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका मोठा मोठा होत चालला होता. सकाळी तोंड धुताना आरशातला चेहरा दोनदा हलला होता. तिने बेसिनची कड पकडून ठेवली होती, आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं होतं. 'नाही' लिहायला अशी कितीशी शाई लागते? यापूर्वी एकदा तिने लिहिलं होतं, याच हाताने, अगदी सहज...

पेन खाली पडलं.

"हिसायो," मासुयो म्हणाली, "कुमेला बूट बांधायला सांग."

"मला?" कुमेच्या तोंडातून माकूळ निसटली. "अगं, मला तर डबे राखायला आणलंय!"

"डबे मी राखते. तू पळ. शेवटचा टप्पा तुझा."

"मासुयो-सान, मी पळाले तर विक्रम जाईल गं..."

"जाऊ दे. बॅटन टाकू नकोस म्हणजे झालं. आणि तो चहा पी आधी. सगळ्या जणी प्या. झुडपात ओतलात तर बघा."

चौघी गेल्या. मिसुझुने बाहेरच्यांना पांगवलं, डॉक्टरांना निरोप धाडला, आणि सासूला खाटेवर आडवं केलं, पायांखाली गुंडाळलेलं कांबळं ठेवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला. मग ती केशरी बुटांच्या दुहेरी गाठी सोडवू लागली.

"मशीन रिकामं होतं," मासुयो छताकडे बघत म्हणाली.

मिसुझुचे हात थांबले.

"ते गेले त्याच रात्री मी उठले होते. तो आकडा पुसायला. काझुनारीच्या हाती लागू नये म्हणून... तुझ्या हाती लागू नये म्हणून. बटण दाबलं तर आत काहीच नव्हतं. मशीन स्वतःहून काही विसरत नाही, मिसुझु."

नऊ वर्षांनी सासूच्या तोंडून तिला आपलं नाव ऐकू आलं.

"तुम्हाला... तेव्हापासून माहीत होतं?"

"ते म्हणाले होते, कालचा लिही, अंतिम सामना आहे, कप्तानाशिवाय चार माणसं काय करतील. हसत होते. मला त्यांचं ते हसू फार आवडायचं गं. लिहिला मी." तिचे कोरडे ओठ हलत राहिले. "आणि मग तू माझ्यासाठी खाली वाकलीस, त्या सेंजोसमोर. मी मागच्या रांगेत बसून बघत होते. तू वर उठशील आणि बोट दाखवशील, असं वाटत होतं. देवाला विनवत होते, बोट दाखव म्हणून. तू ओरडली असतीस, तर मी तुझे पाय धरून रडले असते आणि सुटले असते. पण तू घरी आलीस, आणि मला सूप गरम करून दिलंस... माणसाने ते कसं गिळायचं?"

मिसुझु खाटेशेजारी जमिनीवर बसली. इतक्या वर्षांचा तो जड दगड तिने एकटीने छातीवर वाहिला असं तिला वाटत होतं, आणि त्याचं दुसरं टोक या म्हाताऱ्या बाईने दातओठ खात धरून ठेवलेलं होतं, त्याच छपराखाली, भिंतीपलीकडे! दोघी एकच ओझं वाहत होत्या आणि एकमेकींना दिसत नव्हत्या. तिला रडू आलं, पण त्यात दुःख फार थोडं होतं. जास्त होतं ते आश्चर्य... माणसाचं अंतःकरण किती सोसू शकतं, याचं निखळ, थरारून टाकणारं आश्चर्य.

"मला वाटलं," ती कशीबशी म्हणाली, "मला माहीत आहे हे तुम्हाला कळलं तर तुम्ही परत अंथरुणातून उठणार नाही. माझा राग येतोय तोवर येऊ दे, म्हटलं. त्या रागाने तुम्ही रोज पहाटे बूट तरी घालत होता."

"राग तुझ्यावर नव्हताच गं कधी." मासुयोने डोळे मिटले. "पळताना चोवीस सेकंद मला तो आकडा दिसायचा नाही. बस, तेवढ्यासाठी पळायचे."

डॉक्टर आले, छातीवर तारा चिकटवल्या, कागदाच्या पट्टीकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. हृदयाची लय बिघडली आहे, ते म्हणाले, औषधाने ताब्यात येईल, पण आज शंभर मीटर जोरात पळाल्या असत्या तर मी काही खात्री दिली नसती. गाडी बोलावतो, लगेच इस्पितळात जायचं.

"रिले झाल्यावर," मासुयो म्हणाली.

"लगेच," डॉक्टर म्हणाले.

"गाडी टेकडी चढेपर्यंत दहा मिनिटं लागतात," मिसुझु हळूच म्हणाली. "खुर्ची सावलीत, कुंपणापाशी ठेवते. नाडी मी धरून बसेन."

आणि म्हणून मासुयोने तो रिले बसून पाहिला, सुनेच्या दोन बोटांमध्ये मनगट देऊन.

बार उडाला. पहिलीने बॅटन दिलं, दुसरीने घेतलं. तिसरी हिसायो, बंदरावर टोपल्या उचललेले ते खांदे दोन्ही बाजूंना डोलवत, तोंडाने अखंड काहीतरी ओरडत. शेजारच्या गावांचे दोन संघ केव्हाच पुढे गेले होते. मग बॅटन कुमेच्या हातात पडलं, आणि कुमे क्षणभर तशीच उभी राहिली, जणू कुणी तिच्याकडे परक्याचं मूल सांभाळायला दिलं होतं.

"जा!" मासुयोच्या तोंडून निघालं.

कुमे निघाली. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या असाव्यात तशी, कोपर न हलवता, छोटी छोटी पावलं टाकत, जीभ दातांत धरून. बाकीचे संघ पोचून पाणी प्यायला लागले होते. मैदानाच्या लालसर मातीवर आता एकच बाई पळत होती, ऐंशी वर्षांची, आयुष्यात पहिल्यांदा. हळूहळू बसलेले लोक उभे राहू लागले. गोळाफेकीचे आजोबा उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या, तिच्या पावलांच्या तालात, आणि ती जसजशी जवळ येत गेली तसतशी टाळ्यांनी आपली गती तिच्या गतीला जुळवून घेतली, कुणीही तिला घाई केली नाही. मिसुझुच्या बोटांखाली ठोके अडखळत होते, पण चालू होते. मैदानावर आणि मनगटात दोन्हीकडे काहीतरी वाकडंतिकडं, जिद्दीने पुढे सरकत होतं. तिला वाटलं, याहून मोठं असं आपण आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद. शेवटून पहिल्या. कुमेने रेषा ओलांडली आणि बॅटन कुणालाच देईना, छातीशी धरून रडत बसली.

हिसायो धापा टाकत कुंपणापाशी आली. तिच्यामागे कुमे, सेंजो-सान, दोन-चार गाववाले. "तू असतीस तर आज विक्रम झाला असता," हिसायो म्हणाली.

"मी असते तर आज माझी अंत्ययात्रा झाली असती. विचार डॉक्टरांना."

हिसायोचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असावं.

टेकडीच्या वळणावर इस्पितळाची गाडी दिसू लागली होती. मासुयो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभी राहिली. आज तिने आधार घेतला.

"सेंजो-सान," ती म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी ही तुमच्यासमोर वाकली होती. आठवतं?"

"आठवतं की. कसं विसरेन."

"त्या कार्डावरचं एकशे अडतीस मी लिहिलं होतं. खरा आकडा एकशे चौऱ्याण्णव होता. मी पाहिला आणि खोटा लिहिला. हिला त्याच दिवशी कळलं होतं. माझी लाज झाकायला ही तुमच्यासमोर वाकली, आणि मी हिला वाकू दिलं."

सेंजो-सानची काठी मातीत रुतून राहिली. मासुयो सुनेकडे वळली. तिने दोन्ही तळवे मांड्यांवर सपाट ठेवले, पाठ सरळ केली, आणि मग ती वाकू लागली, हळूहळू, खोल, गुडघ्यांच्याही खाली, शहाऐंशी वर्षांची सासू, गावासमोर, सुनेपुढे.

मिसुझुच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिचे हात तिच्या रडण्यापेक्षा आधी हलले. तिने सासूचे खांदे धरले.

"आई, इतकं खाली वाकू नका. आत्ताच आडव्या होतात, चक्कर येईल."

"गप्प बस," वाकलेल्या मासुयोचा आवाज खालून आला. "नऊ वर्षांचं आहे. वेळ लागणार."

मिसुझु गप्प बसली. तिने फक्त ते मनगट पुन्हा हातात घेतलं, आणि म्हातारीला हवा तेवढा वेळ वाकू दिलं.